अंबर गाळणारं झाड कोणतं? बाल्टिक किनाऱ्यावरचं एक न मिटलेलं प्रकरण

भाचीने पोलंडमधल्या ग्दान्स्कहून आणलेला अंबराचा तुकडा माझ्या टेबलावर आहे. सुपारीएवढा, जुन्या मधाच्या रंगाचा, एका अंगाने घासून चकचकीत केलेला. तो हातात आला त्याच दिवशी मी स्वयंपाकघरातून काचेचा पेला आणि मिठाचा डबा घेऊन बसलो. साध्या पाण्यात तुकडा तळाला गेला. मग मीठ विरघळेनासं होईपर्यंत घालत राहिलो, तेव्हा तो आळसावल्यासारखा वर आला आणि तरंगू लागला. काच किंवा बेकेलाइट असतं तर तळाशीच बसलं असतं. काही प्लॅस्टिकं या परीक्षेत पास होतात, म्हणून खडबडीत बाजूवर नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनचा एक थेंबही टाकून पाहिला. बोट चिकटलं नाही. म्हणजे ही कोवळी राळ, आपले सुतार पूर्वी व्हार्निशला वापरायचे तो चंद्रूस, नव्हे.

मग दहापट भिंग लावलं. आत एक चिलटासारखी माशी आहे. तिचं अर्धं अंग स्वच्छ दिसतं आणि उरलेल्या अर्ध्यावर दुधाची साय धरल्यासारखा पांढरा थर आहे. बुरशी नव्हे ती. माशी कुजताना तिच्या अंगातून निघालेला ओलावा आणि वायू भोवतीच्या राळेत मिसळून बारीक बुडबुड्यांचा फेस झाला, तो तसाच गोठला. बाल्टिक अंबराची ही जवळजवळ सहीच. माशीच्या शेजारी तपकिरी चांदणीसारखं काहीतरी आहे, पाच-सहा टोकांचं. ती ओकच्या झाडाची लव. ओकच्या कोवळ्या पानांवर आणि मोहरावर असे तारकाकृती केस असतात. ते वाऱ्याने उडून ताज्या राळेवर चिकटायचे, आणि बाल्टिक अंबरात ते इतके सापडतात की जाणकार आधी तेच शोधतात.

म्हणजे ओक तिथे होता. पण राळ ओकची नाही. ती गाळणारं झाड सूचिपर्णी होतं हे नक्की, आणि कोणतं सूचिपर्णी यावर जवळपास दोनशे वर्षं वाद चालू आहे.

आधी शब्दाचा एक घोळ मिटवू. मराठीत अंबर म्हणजे आभाळ, आणि अत्तरवाल्यांच्या दुकानात अंबर म्हणजे देवमाशाच्या आतड्यात तयार होणारा सुगंधी पदार्थ. इथला अंबर तो नव्हे. संस्कृतात याला तृणमणी म्हणतात, कारण लोकरीवर घासला की तो गवताची काडी ओढून घेतो. फारसीत ‘कहरुबा’, म्हणजे काडी पळवणारा. ग्रीकांनी याला ‘इलेक्ट्रॉन’ म्हटलं आणि विजेचं आजचं नाव तिथून आलं.

दुसरा घोळ राळ आणि डिंकाचा. बाभळीला, धावड्याला चीर पडली की जे येतं तो डिंक. तो शर्करेच्या साखळ्यांचा असतो, पाण्यात फुगतो, विरघळतो, म्हणून तर डिंकाचे लाडू होतात. डिंकाचा अंबर होत नाही, कारण पहिल्या पावसातच तो संपतो. राळ पाण्याला दाद देत नाही, आणि ती जळते. गोंधळात, लळितात दिवटीवर राळेची पूड फेकली की भडका उडतो, त्यावरूनच आपण टीकेची राळ उडवतो. जर्मन भाषेत अंबराला ‘बर्नस्टाइन’ म्हणतात, जळणारा दगड. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलं की हा पाइनसारख्या झाडाचा रस आहे, कारण घासल्यावर त्याला पाइनचा वास येतो. त्या आधीची कथा अशी होती की सूर्यपुत्र फेथॉन मेला, त्याच्या बहिणींची पॉप्लरची झाडं झाली आणि त्यांचे अश्रू म्हणजे अंबर. प्लिनीला ही कथा ठाऊक होती, पटली मात्र नाही. प्रकरणाचा पहिला पंचनामा त्याच्या नावावर टाकायला माझी हरकत नाही.

घटनास्थळाचं बघू, कारण तिथेच पहिली अडचण आहे. बाल्टिक समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात साम्बिया नावाचं द्वीपकल्प आहे, आता रशियाच्या कॅलिनिनग्राड प्रांतात. तिथल्या यांतार्नी गावाजवळच्या खाणीतून जगातला बहुतेक अंबर निघतो. ‘यांतार’ म्हणजे रशियनमध्ये अंबरच. वरची वाळू-माती उपसली की खाली एक थर लागतो, त्याला ‘निळी माती’ म्हणतात. प्रत्यक्षात ती हिरवट-करडी असते. रंग येतो ग्लॉकोनाइट नावाच्या खनिजामुळे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ही माती धुतात आणि अंबर जाळीत अडकतो.

ग्लॉकोनाइट उथळ समुद्राच्या तळाशी, गाळ अगदी सावकाश साचत असताना तयार होतं. म्हणजे निळी माती जंगलाची जमीन नाहीच. ती समुद्राचा तळ आहे. झाडं कुठेतरी उत्तरेला, आजच्या स्कँडिनेव्हियाच्या बाजूला होती असं मानतात. राळ गळाली, जमिनीवर पडली, नद्यांनी आणि भरतीने ती समुद्रात नेली. खोडं, पानं, शंकू कुजून गेले. राळ उरली. खून एका गावात झाला आणि पुरावा दुसऱ्या गावच्या विहिरीत सापडला, तशातली गत. पुढे हिमयुगात बर्फाच्या लाद्यांनी तो थर खरवडला आणि तुकडे पोलंड, जर्मनी, डेन्मार्कभर पसरले. अजूनही हिवाळी वादळानंतर लोक किनाऱ्यावर शेवाळाच्या ढिगात अंबर शोधत फिरतात, कारण समुद्राचं थंड खारं पाणी ढवळलं की तो इतका हलका असतो की लाटांबरोबर वर येतो.

काळ इओसीन. आकडा साधारण ३.४ ते ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा सांगतात. एवढं अंतर पडण्याचं कारणही निळी मातीच आहे. ग्लॉकोनाइटमधल्या पोटॅशियमवरून वय काढलं तर ४.४ कोटींच्या आसपास येतं, आणि त्याच थरातल्या सूक्ष्मजीवांच्या अवशेषांवरून काढलं तर धाकटं येतं. शिवाय थराचं वय म्हणजे राळेचं वय नव्हे. राळ आधी कुठे दुसरीकडे पुरली जाऊन मग वाहून आली असेल, तर ती मातीपेक्षा म्हातारी असणार.

आता संशयितांकडे येऊ.

पहिला संशयित अर्थातच पाइन. ब्रेस्लाऊचा वनस्पतिशास्त्रज्ञ ग्योपर्ट याने १८३०च्या दशकात अंबरात अडकलेल्या लाकडाच्या कपच्या तपासून त्या झाडाला ‘पिनायटिस सक्सिनिफर’ म्हटलं, म्हणजे अंबर देणारा पाइन. १८९० मध्ये डान्झिगच्या, म्हणजे आजच्या ग्दान्स्कच्या, संग्रहालयाचा प्रमुख ह्यूगो कोन्वेन्ट्झ याने या झाडांवर जाडजूड प्रबंध लिहिला. अंबरात लाकूड इतकं सुरेख टिकतं की पातळ काप घेऊन एकेक पेशी मोजता येते. कोन्वेन्ट्झला त्यात दिसली ती पाइनसारखी रचना, आणि जोडीला जखमा. मोडलेल्या फांद्या, सोललेली साल, किड्यांची बिळं, बुरशी. त्या अख्ख्या जंगलात एकही झाड धड निरोगी नव्हतं, अशा अर्थाचं त्याचं म्हणणं होतं. आजारपण हीच तिथली रोजची अवस्था. (हाच माणूस पुढे प्रशियात निसर्गसंरक्षणाच्या सरकारी कामाचा प्रमुख झाला. योगायोग असेल, पण मला तो आवडतो.)

शरीररचना पाइनच्या बाजूने बोलत होती, आणि पाऊणशे वर्षं प्रकरण जवळपास मिटल्यासारखं होतं. ते पुन्हा उघडलं रसायनशास्त्राने.

इथे जरा थांबतो, कारण अंबर ‘होतो’ म्हणजे काय होतं ते यातच आहे. ताजी राळ हे टर्पीन जातीच्या रेणूंचं मिश्रण असतं. त्यातले लहान रेणू उडून जातात. टर्पेंटाइनचा तो झणझणीत वास त्यांचाच. मागे राहतात जड रेणू, आणि सगळं त्यांच्या स्वभावावर ठरतं. आजच्या पाइनच्या राळेत मुख्यतः ॲबिएटिक आम्लासारखे रेणू असतात. हिमालयातल्या चिडाच्या राळेतून टर्पेंटाइन काढल्यावर उरणारं, व्हायोलिनच्या गजाला लावतात ते रोझिन म्हणजे हेच. रोझिन कडक होतं, ठिसूळ होतं, पण त्याचे रेणू एकमेकांचे हात धरत नाहीत. अल्कोहोलमध्ये टाकलं की विरघळलं. काही दुसऱ्या झाडांच्या राळेत मात्र कम्युनिक आम्ल असतं. त्याच्या रेणूला शेजाऱ्याला धरता येईल असे दुहेरी बंध असतात, आणि ऊन-हवा लागताच तो साखळी करायला लागतो. खोडावरून ओघळतानाच हे सुरू होतं. नंतर गाळाखाली, हवेपासून दूर, लाखो वर्षं ती साखळी घट्ट विणली जाते, आतले उडणारे अंश जातात, राळेचा चंद्रूस आणि चंद्रुसाचा अंबर होतो. हवेत उघडी राहिली असती तर ऑक्सिजनने ती तडकून भुगा झाली असती. माझ्या तुकड्याच्या खडबडीत बाजूला लालसर-तपकिरी पापुद्रा आहे, तो त्याच झिजेचा.

बाल्टिक अंबरात आणखी एक गोष्ट असते, सक्सिनिक आम्ल, ३ ते ८ टक्के. हे आम्ल सोळाव्या शतकात प्रथम मिळालं तेच अंबर तापवून. अंबराच्या जाळ्यात ते आडवे टाके घालतं, म्हणून हा अंबर इतरांपेक्षा चिवट. एकोणिसाव्या शतकात डान्झिगचा औषधविक्रेता ओटो हेल्म याने या आम्लावरून ग्रीसमधल्या मायसीनीच्या प्राचीन थडग्यांतले मणी बाल्टिकचे आहेत की नाहीत ते ठरवायचा प्रयत्न केला. पण सक्सिनिक आम्ल दुसऱ्या काही राळांतही निघालं, त्यामुळे ती कसोटी लंगडी पडली. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या व्हॅसार कॉलेजात कर्ट बेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अवरक्त वर्णपट, म्हणजे पदार्थ कोणते अवरक्त किरण किती शोषतो त्याचा आलेख, काढायला सुरुवात केली. चिमूटभर पूड पुरते. बाल्टिक अंबराच्या आलेखात १,२५० ते १,१८० (दर सेंटिमीटरला लहरी) या पट्ट्यात रेघ खाली न उतरता आडवी जाते आणि मग टोकदार वळण घेते. त्या आडव्या भागाला ‘बाल्टिक खांदा’ म्हणतात. मायसीनीच्या मण्यांनाही हा खांदा निघाला, म्हणजे ते उत्तरेकडूनच आले होते.

पुरातत्त्वाचं काम झालं. वनस्पतिशास्त्राची मात्र पंचाईत झाली. कारण आजच्या एकाही पाइनच्या राळेत ना ती साखळी करण्याची ताकद, ना तो खांदा. लाकूड सांगतं पाइन, राळ सांगते पाइन नव्हे.

दुसरा संशयित न्यूझीलंडचा कौरी, अगाथिस. १९७२ मध्ये गफ आणि मिल्स यांनी बाल्टिक अंबराची घटकद्रव्यं तपासली तेव्हा ती कौरीच्या राळेशी जवळची निघाली. कौरी राळ गाळण्यात दांडगा आहे, त्याच्या बुंध्याशी जमिनीत ढेकळं साचायची आणि एकोणिसाव्या शतकात ती खणून काढायचा मोठा धंदा होता. पण कौरीच्या राळेत सक्सिनिक आम्ल नाही. आणि बाल्टिक अंबरात हजारो तुकडे पालथे घालूनही कौरीचं पान, शंकू काही सापडलेलं नाही. या संशयिताला मी तरी सोडून दिलं असतं.

तिसरा स्यूडोलारिक्स, सोनेरी लार्च. आज याची एकच जाती उरली आहे, पूर्व चीनमध्ये. शरदात तिची पानं सोनेरी होऊन झडतात. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या ॲक्सल हायबर्ग बेटावर या झाडाचे इओसीन काळातले अवशेष मिळाले, राळेसकट. १९९५ मध्ये अँडरसन आणि लपाज यांनी त्या राळेत सक्सिनिक आम्ल दाखवलं. पाइनच्याच कुळातलं झाड, राळेत हवं ते आम्ल, आणि राळ थेट त्याच्या अवशेषांशी जोडलेली. मला विचाराल तर पुराव्याचा दर्जा म्हणून हा सगळ्यात चांगला. इथे राळ आणि झाड एकाच ठिकाणी, एकमेकांना धरून आहेत, आणि नेमकी तीच गोष्ट बाल्टिकमध्ये नाही.

चौथा संशयित २००९ मध्ये आला आणि त्याने खळबळ उडवली. वुल्फ आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या जिवंत सूचिपर्णी झाडांच्या राळांचे अवरक्त वर्णपट बाल्टिक अंबराशी ताडून पाहिले. सगळ्यात जवळचं निघालं सियाडोपिटिस, जपानचा कोयामाकी. छत्रीच्या काड्यांसारखी गोलाकार पानं असलेलं हे झाड जपानमध्ये पवित्र मानतात, त्याचं नाव कोयासान या बौद्ध तीर्थाशी जोडलेलं आहे. त्या हिरव्या काड्या खरं तर पानंही नव्हेत, पानासारखं काम करणाऱ्या बदललेल्या फांद्या आहेत. या कुळात आज हा एकटाच उरला. पण जुन्या काळी हे झाड युरोपात भरपूर होतं. जर्मनीच्या तपकिरी कोळशात त्याच्या काड्यांचे थरच्या थर आहेत, दिसायला वाळल्या गवतासारखे.

आक्षेप लगेच आला. मग त्या काड्या बाल्टिक अंबरात का नाहीत? आक्षेप रास्त होता. २०१६ मध्ये साडोव्स्की आणि सहकाऱ्यांनी बाल्टिक अंबरात सियाडोपिटिसच्या काड्या दाखवल्या. थोड्याच आहेत, पण आहेत. पुढच्याच वर्षी त्यांनी त्या जंगलातल्या सूचिपर्णी झाडांची यादी नव्याने लावली. तीत फर आहे, सोनेरी लार्च आहे, निरनिराळे पाइन आहेत, सायप्रेसच्या कुळातली दलदलीत वाढणारी झाडं आहेत. एक संशयित हजर निघाला म्हणून आनंद करावा, तर सगळेच हजर निघाले.

इथे माझं एक मत आहे. राळेत सापडलेलं झाड हे राळ गाळणारं असेलच असं नाही. ओकचे केस हजारोंनी आहेत म्हणून आपण ओकवर आरोप ठेवत नाही. उलट, जे झाड उंच आहे, ज्याची पानं वरच राहतात किंवा गळताना खोडापासून दूर पडतात, ते स्वतःच्याच राळेत कमी सापडेल. त्यामुळे कोयामाकीच्या काड्या थोड्या आहेत हा मला त्याच्या विरोधातला पुरावा वाटत नाही. पण एका उरलेल्या जातीच्या आजच्या राळेवरून चार कोटी वर्षांपूर्वीच्या नातेवाइकांची राळ ओळखायची, हेही धाडसच. कोन्वेन्ट्झच्या पाइनसारख्या लाकडाचं काय करायचं याचं समाधानकारक उत्तर चौथ्या पक्षाकडे नाही. एकाहून जास्त झाडांची राळ त्या समुद्रात एकत्र आली असेल, हा पर्याय मला दिवसेंदिवस जास्त पटतो. मात्र मग सगळ्या राळांना तोच खांदा का, हा प्रश्न उभा राहतो.

आणि एवढी राळ आलीच कशी? झाड राळ गाळतं ते जखम भरायला, भुंगेरे आणि बुरशी थोपवायला. कोन्वेन्ट्झला वाटलं तसं झाडं आजारी होती म्हणून राळ आली, असं म्हणता येईल. पण काळाचा हिशेब धरला तर आजाराची गरज उरत नाही. लाखो वर्षं उभ्या असलेल्या जंगलात दर झाडाने वर्षाला मूठभर राळ गाळली आणि समुद्राने ती एका थरात वेचून ठेवली, तरी यांतार्नी भरते. आपण थर पाहतो आणि पूर आला होता असं समजतो. बहुधा ती नळाची धार होती, बंद न केलेली.

ते जंगल कसं होतं याचं चित्रही हल्ली बदललं आहे. पूर्वी त्याला उष्णकटिबंधीय म्हणायचे. आता ते उबदार, दमट, किनाऱ्याजवळ दलदलीचं आणि समशीतोष्णाकडे झुकणारं मानतात. २०१५ मध्ये त्यात चिकट केसांची, किडे पकडणाऱ्या वनस्पतीची पानं सापडली. तिचे जवळचे नातेवाईक आज फक्त दक्षिण आफ्रिकेत आहेत. आणि १८७२ मध्ये वर्णन केलेलं एक फूल आहे, अंबरातलं आजवरचं सगळ्यात मोठं, २८ मिलिमीटरचं. ते दीडशे वर्षं चहाच्या कुळातलं समजलं जात होतं. २०२३ मध्ये अंबराच्या पृष्ठभागावरून धारदार पात्याने त्याचे परागकण खरवडून काढले, तेव्हा ते सिम्प्लोकॉसचं निघालं. सिम्प्लोकॉस म्हणजे आपला लोध. सह्याद्रीत फुलतो, आयुर्वेदात ज्याची साल वापरतात, त्याच्याच जवळच्या नात्यातलं फूल बाल्टिकच्या राळेत.

अंबरासाठी सूचिपर्णीच लागतात असंही नाही, आणि याचा पुरावा आपल्या शेजारी आहे. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचा अंबर मिळतो. २०१० मध्ये त्यावर मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो अंबर डिप्टेरोकार्प कुळाचा, म्हणजे साल वृक्षाच्या नात्यातल्या रुंद पानांच्या झाडांचा. त्याची साखळी वेगळ्या घडणीची, सैल. योग्य द्रावणात तो विरघळतो, आणि कीटक अख्खा बाहेर काढता येतो, पाय-मिशांसकट. बाल्टिक अंबरात हे स्वप्नच. तिथे माशी दिसते, पण हाती लागत नाही. शिवाय वस्तानला राळ आणि कोळसा झालेलं जंगल एकाच खाणीत आहे. बाल्टिकवाल्यांना हेवा वाटावा अशी ती सोय.

बाल्टिकचं प्रकरण मिटवायचं तर माझ्या मते एकच गोष्ट लागेल. अशी डहाळी, जिच्या लाकडात राळेची नळी शाबूत आहे आणि नळीत राळ भरलेली आहे. लाकडाची ओळख भिंगाखाली, आतल्या राळेची ओळख वर्णपटावर, आणि दोन्ही एकाच कपचीतून. साल किंवा लाकूड चिकटलेले असे तुकडे खाणीत निघतात, पण दागिन्यांच्या बाजारात त्यांना किंमत नसते. कारागीर पहिल्यांदा तेच घासून टाकतो. माझ्या तुकड्याची चकचकीत बाजू अशीच कुणीतरी स्वच्छ करून दिलेली आहे.

भाची डिसेंबरात पुन्हा जाणार आहे. तिला सांगून ठेवलंय, या वेळी माशी नको, दुकानदार बाजूला टाकतो तो काळा, साल लागलेला, ओबडधोबड तुकडा आण.